सुमंगलाबाईंच्या शाळेतली पेज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय बाबुराव पार्सेकर, प्रमुख पाहुणे आणि निवृत्त भागशिक्षणाधिकारी श्री. जयराम शेट्ये, व्यासपीठावर बसायला मोठ्या मिनतवारीने तयार झालेल्या आपल्या सत्कारमूर्ती श्रीमती सुमंगला गावस, बालसेवा मंडळाचे माझे सहकारी, पेडण्याहून, डिचोलीहून आणि पार वाळपईहून बस बदलून इथवर आलेले शिक्षक-शिक्षिका, बाईंचे जुने विद्यार्थी, आणि मागे खिडक्यांशी दाटीवाटीने उभे असलेले माझे मित्र, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आपल्या हातात कार्यक्रमपत्रिका आहे. तिच्यात चौथ्या क्रमांकावर मानपत्राचं वाचन लिहिलं आहे. ते वाचन होणार नाही. अध्यक्षांची परवानगी मी सकाळीच घेतली आहे. मानपत्र छापून तयार आहे, चौकटीत बसवलेलंही आहे, पण ते का वाचायचं नाही हे सांगण्यासाठीच मला इथे उभं केलं आहे. मंडळाचा कार्यवाह म्हणून आभार मानणं एवढंच एरवी माझं काम असतं. आज जरा जास्त वेळ घेईन. ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांनी मध्येच उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

मी आयुष्यभर पणजीच्या एका वर्तमानपत्रात काम केलं. आमच्याकडे मजकूर छापण्यापूर्वी ज्याच्याविषयी आहे त्याला दाखवायची पद्धत नाही. पण बाईंचा स्वभाव ठाऊक असल्याने गेल्या आठवड्यात मी मानपत्राचा कच्चा कागद घेऊन डिचोलीला त्यांच्या घरी गेलो. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी चष्मा लावला, माझ्याच खिशातली पेन्सिल मागून घेतली आणि पोरांचं शुद्धलेखन तपासावं तसा कागद वाचायला घेतला. ‘ज्ञानयज्ञ’ या शब्दाकडे बघून हसल्या. ‘आफ्रिकेच्या भूमीवर गोमंतकाचा झेंडा’ या ओळीशी म्हणाल्या, "झेंडो खंय? थंय माका धड छत्री मिळूक नाय." आणि मग एका ओळीपाशी थांबल्या. ती ओळ अशी होती : ‘वक्तशीरपणाचा जो वस्तुपाठ आपण डिचोलीत घालून दिलात, तोच आपण सातासमुद्रापार नेलात.’

मग त्यांनी ती ओळ खोडली. एकदा नाही, तीनदा. कागद फाटेपर्यंत.

"ह्या काढा," म्हणाल्या. "आणि कृष्णनाथबाब, माका सत्कार नको. पण लोक जमतलेच असतीत, तर थंय काय झाला ता तुमी सांगा. सगळा सांगशात तर मी वर कदेलार बसान. नायतर खाली लोकांत बसान."

बाई वर खुर्चीवर बसल्या आहेत. तेव्हा मला सांगणं भाग आहे.

आता इथल्या तरुण मंडळींना बाईंची डिचोलीची शाळा ठाऊक नसेल. मुक्तीनंतर सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यातल्या एका शाळेवर खाणपट्ट्यातल्या वाडीत बाई त्रेसष्ट साली रुजू झाल्या. खाणीवर कामाला सिंधुदुर्गातून आलेली कुटुंबं होती. पत्र्याच्या खोल्या, लाल धूळ, पहाटेपासून ट्रकांची रांग. पोरं शाळेत यायची ती कधी दहाला, कधी अकराला, कधी नाहीच. बाई गैरहजर पोराच्या दारात जाऊन बसायच्या. जानकी नावाची एक बाई होती, नवरा ट्रकावर क्लीनर. ती एकदा वैतागून म्हणाली, "बाई, तुमका घर नाय काय?"

"आसा," बाई म्हणाल्या. "तुझा चेडू शाळेत इला की जातंय."

ते चेडू, म्हणजे जानकीची ती लेक, आज या सभागृहात आहे, तिसऱ्या रांगेत, आणि स्वतः शाळेत शिकवतं आहे. नाव घेत नाही, लाजेल.

मग बाईंनी पेज सुरू केली. आपल्याकडे दहाच्या पेजेचं काय महत्त्व आहे हे मी सांगायला नको. शेतात असो, खाणीवर असो, दहाला माणूस पेजेला बसतो. बाईंनी गावातून तांदूळ मिळवला, शेजारची सुशीला रांधायला उभी राहिली. नियम एकच. ट्रकाच्या चाकाची जुनी रिम शाळेच्या आंब्याला टांगलेली होती, तीच घंटा. घंटा वाजली की बाई डोकी मोजायच्या, सुशीलेला आकडा सांगायच्या, आणि तेवढ्याच कोपांची, म्हणजे पेल्यांची, पेज चुलीवर चढायची. घंटेनंतर आलेल्याला कोप नाही. आणि सगळ्यात आधी जो येईल त्याला घंटा वाजवायला मिळेल. महिन्याभरात पोरं धावत यायला लागली. वर्षभरात तालुक्यात त्या शाळेची हजेरी पहिली आली. शेट्येसाहेब मान हलवताहेत, त्यांनीच ती तपासली होती.

त्या शाळेवर चौऱ्याहत्तर साली मी एक लेख लिहिला. घंटेचं आणि पेजेचं मी भरभरून कौतुक केलं. मी स्वतः वेळेचा माणूस. पान सुटायच्या आत मजकूर आला तर तो मजकूर, नाहीतर तो कितीही चांगला असो, रद्दी. एवढ्या एका तत्त्वावर माझी नोकरी चालली. बाईंच्या घंटेत मला माझंच तत्त्व दिसलं असावं. बाईंनी तो लेख कापून जपून ठेवला होता. मला कुणीतरी समजून घेतलं, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

त्र्याण्णव साली बाई निवृत्त झाल्या. त्यांचे धाकटे बंधू गुरुदास कितीतरी वर्षं टांझानियात आहेत, घायपाताच्या एका मळ्यावर यंत्रं दुरुस्त करतात. घायपात म्हणजे आपल्या कुंपणाला असतं ते काटेरी, त्याचा वाख काढून दोर वळतात. बाई भावाला भेटायला म्हणून दोन महिन्यांसाठी गेल्या. तिथे मळ्यावरच्या मजुरांच्या खोल्या बघून त्यांना वाटलं, आपण डिचोलीहून निघालोच नाही. तीच रांग, तेच पत्रे, तीच दारात बसलेली पोरं. सरकारी शाळा होती, पण लांब, आणि उपाशी पोर तेवढं चालत नाही. तिथल्या लोकांच्या सकाळच्या जेवणात नाचणीची पातळ लापशी असते. बाईंनी ती चाखली आणि मला पत्र लिहिलं, ‘ही आमचीच आंबील. फक्त मीठ नाही, साखर घालतात.’

बाई परत आल्या त्या सामान न्यायला. तेव्हा आजचे अध्यक्ष बाबुराव त्यांना म्हणाले होते, मी साक्षीला आहे, "बाई, हंय पोरां कमी पडली काय?" बाई म्हणाल्या, "हंय माका पेन्शन आसा. थंय माका काम आसा." त्यावर बाबुरावांनीच आपलं हे मंडळ स्थापन केलं. मांद्र्याच्या शिंप्यांनी कपडे शिवले, इथल्या शिक्षकांनी पाट्या जमवल्या, आणि मळ्याच्या एका रिकाम्या गोदामात एक्केचाळीस मुलांची शाळा सुरू झाली. गावातली एक तरुण शिक्षिका शिकवायची, बाई तिला शिकवायच्या आणि स्वाहिली तिच्याकडून शिकायच्या. मुलांची वजनं वाढली. खरूज गेली. पहिल्याच वर्षी नऊ मुलं सरकारी शाळेत दाखल झाली, त्यांच्या जागी नवी आली. हे सगळं खरं आहे आणि मानपत्रात आहे. तिथेही झाडाला ट्रकाची रिम टांगली. तिथेही घंटा, डोकी, आणि तेवढेच कोप.

इथवर मानपत्र. यापुढचं त्यात नाही.

त्या शाळेत रेहेमा नावाची मुलगी होती. आठ वर्षांची. तिची धाकटी बहीण झुहुरा, चार वर्षांची. बाप शहरात गेला तो परतला नव्हता. आई उजाडायच्या आत घायपात कापायला जायची. रेहेमा आधी विहिरीवरून पाणी आणायची, दोन खेपा, मग बहिणीला घेऊन शाळेला निघायची. त्यांची खोली ओढ्यापलीकडे होती. पावसाळा नसला की ओढ्यात घोट्याएवढं पाणी. पावसाळ्यात पुलावरून वळसा घालून यावं लागे, त्याला तासभर जास्त.

रेहेमा उशिरा यायची. नियमाप्रमाणे दोघींना कोप नाही. रेहेमा दाराकडे पाठ करून पाटी काढायची. झुहुरा मात्र बाकीच्यांच्या कोपांकडे बघत राहायची. एकदा ती रडली. तेव्हा बाई रेहेमाला म्हणाल्या, लवकर येत जा, म्हणजे हिला मिळेल. रेहेमा तिच्या भाषेत म्हणाली, उद्या वेळेत येईन.

आणि ती आली. पाणी कधी आणत होती, किती वाजता उठत होती, हे कुणी विचारलं नाही. सलग अकरा दिवस ती सगळ्यांच्या आधी आली आणि तिने घंटा वाजवली. बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. डिचोलीत त्या तसंच करायच्या. त्या अकरा दिवसांतच तिथला मोठा पाऊस सुरू झाला होता. वळसा घातला असता तर घंटा चुकली असती. म्हणून ती रोज अंधारातच ओढ्यातून येत होती.

बाराव्या दिवशी घंटा दुसऱ्या कुणी वाजवली. बाईंनी डोकी मोजली. एकोणचाळीस. रांधणारणीला आकडा सांगितला, तेवढं पीठ पडलं. बाई मला म्हणाल्या, त्या दिवशी पेज अगदी बरोबर झाली, कुणाला कमी नाही, तळाला उरली नाही.

झुहुरा ओढ्याच्या काठावर सापडली. बसलेली. बहीण तिला सांगून गेली होती की तू इथेच थांब, मी पाणी किती आहे ते बघते. ती थांबली होती. दुपारी कामावरच्या लोकांना खाली, बऱ्याच अंतरावर, रेहेमा मिळाली. पाटी तिच्या पाठीला बांधलेली होती. ती पाटी इथून गेली होती.

माफ करा. जरा पाणी घेतो.

तिकडे आईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. म्हणजे त्या बाईचं नाव मामा रेहेमा, रेहेमाची आई. मुलगी गेली तरी नाव बदलत नाही. सगळी वस्ती तिला रोज त्याच नावाने हाक मारते. बाई तिच्या दारात गेल्या. ती ओरडली नाही, रडलीही नाही. माहिती द्यावी तशी म्हणाली, "तू तिला लवकर ये म्हणालीस. ती लवकर निघाली."

बाईंनी त्याच आठवड्यात नियम मोडला. भांडं दुपारपर्यंत निखाऱ्यावर ठेवायचं, जो जेव्हा येईल त्याला कोप द्यायचा. आपल्याला काय वाटतं, पोरं उशिरा यायला लागली असतील? नाही. जेवढी यायची तेवढीच येत राहिली, त्याच वेळेला. ज्यांना काम असे ती काम उरकून यायला लागली. म्हणजे त्या नियमाची तिथे कधी गरजच नव्हती. डिचोलीत उशिरा येणारं पोर वाटेत खेळत असायचं. तिथे उशिरा येणारं पोर घर चालवून येत होतं. पेज तीच असली तरी पोर ते नव्हतं.

झुहुरा मात्र आली नाही. आईने तिला पाठवलं नाही. बाई सात महिने रोज संध्याकाळी त्या दारात जाऊन बसल्या. दार उघडं असायचं, आत या असं कुणी म्हणायचं नाही. मग बाईंना हिवताप झाला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि गुरुदासांनी त्यांना जवळजवळ उचलून इथे आणून सोडलं. त्याला दोन वर्षं झाली. शाळा चालू आहे, ती तरुण शिक्षिका चालवते आहे. पण झुहुरा अजून घरी आहे. आता ती साडेसहा वर्षांची आहे. येत्या वर्षी पहिलीत बसली नाही, तर घायपात कापायला आईच्या मागून जाईल, आणि एकदा त्या कामाला हात लागले की पाटी सुटते. बाई उद्या निघताहेत त्या एवढ्यासाठी. त्रेसष्टाव्या वर्षी, हे असं अंग घेऊन. डॉक्टर नको म्हणाले आहेत, मंडळानेही नको असा ठराव केला होता. मी विचारलं, "बाई, आई नाहीच म्हणाली तर?" म्हणाल्या, "तर दुसऱ्या दिवसा परत जायन. दारात बसूक माका येता."

बाईंनी मला जे सांगायला सांगितलं होतं ते इथे संपलं. दोन वर्षांत ज्याने ज्याने विचारलं, त्याला त्यांनी हे असंच सांगितलं आहे. शेवटी एकच वाक्य, "चूक माझी."

अध्यक्षमहाराज, आता जे बोलणार आहे त्याची परवानगी मी आपल्याकडून घेतलेली नाही. बाईंकडूनही नाही.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या दीड महिना आधी, बाईंचं मला एक पत्र आलं होतं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘ओढ्यापलीकडची पाच-सहा पोरं उशिरा येतात. आळसाने नाही, पाणी भरून येतात. त्यांच्यासाठी कोप राखून ठेवावेत असं माझ्या मनात आहे. रांधणारीण म्हणते, मग सगळेच उशिरा येतील. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही माझी डिचोलीची शाळा पाहिली आहे.’

बाईंनी विचारलं होतं. मनात तर त्यांनी ठरवलंच होतं. कुणीतरी फक्त बरं म्हणायचं होतं.

ते पत्र आलं तेव्हा मी घाईत होतो. एक पुरवणी त्या दिवशी छापायला जायची होती. दहा मिनिटांत मी उत्तर लिहिलं आणि कार्यालयातल्या टपालात टाकून दिलं. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. ‘बाई, डिचोलीत तुम्ही एकाही पोरासाठी कोप राखला नव्हता, म्हणून ती शाळा उभी राहिली. दया दाखवाल तर शिस्त जाईल. नियम सोडू नका.’ खाली सही. मी नियम सोडू नका म्हणालो, आणि मी तो ओढा पाहिलेला नव्हता. त्या मुलीचं नावही तेव्हा मला माहीत नव्हतं.

ती गेल्याचं पत्र आलं, तेव्हापासून मी वाट बघत होतो की बाई एकदा तरी म्हणतील, तुम्ही लिहिलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. भावाला सांगितलं नाही, बाबुरावांना नाही. गेल्या आठवड्यात मानपत्रावरची ती ओळ खोडल्यावर त्यांनी सूप परत ओढून घेतलं. मी धीर करून म्हटलं, "बाई, माझं ते पत्र..."

"खंयचा पत्र?" त्या म्हणाल्या, आणि खडे निवडत राहिल्या.

मंडळी, चौतीस वर्षं मी लोकांच्या चुका छापल्या. दुरुस्ती छापायची वेळ आली की आम्ही ती आतल्या पानावर, तळाला, बारीक टाइपात छापायचो. ही तशी छापता येत नाही. बाई आपल्या वाट्याचं आणि माझ्या वाट्याचं असं दोन्ही घेऊन दोन वर्षं चालल्या. उद्या त्या पुन्हा त्याच दारात जाऊन बसतील आणि म्हणतील, चूक माझी. निदान त्या आईला तरी खरं कळायला नको का?

म्हणून मी एक पत्र लिहिलं आहे. गुरुदासांकडून त्याचं स्वाहिली करून आणवलं. फार मोठं नाही, वाचून दाखवतो.

‘रेहेमाच्या आईस. बाई तुमच्या मुलीसाठी कोप राखून ठेवणार होत्या. राखू नका असं मी लिहिलं. मी दूर राहतो, तुमचा ओढा मी पाहिला नव्हता. तुमची दुसरी मुलगी शाळेत पाठवायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण ठरवताना राग माझ्यावर धरा, बाईंवर नको. कृष्णनाथ, पेडणे, गोवा.’

बाई, तुमची पिशवी तुमच्या पायाशी आहे. मी हे पत्र इथे मेजावर तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही ते न्यायला नको म्हणाल, हे मला माहीत आहे. म्हणूनच घरी दिलं नाही, चारशे माणसांच्या समोर देतो आहे. हा माझा थोडा लबाडपणा आहे, तेवढा चालवून घ्या.

बाई मान हलवताहेत. नको म्हणताहेत.

हात आत ओढून घेतलात तरी हरकत नाही. सभा संपेपर्यंत ते इथेच राहील. सभा संपल्यावर मी ते तुमच्या पिशवीत घालणार नाही. घालायचं तर तुम्ही घाला. तुम्ही नेलं नाहीत, तर मी टपालाने पाठवीन, पण टपाल तिथे दोन-दोन महिने घेतं, आणि तिथली शाळा जानेवारीत भरते. म्हणून विनवतो.

आता माझं मूळ काम. सभागृह देणाऱ्या वाचनालयाच्या चालकांचे, आवाजाची व्यवस्था करणाऱ्या विठूचे, मांद्र्याच्या शिंपी बंधूंचे, वाळपईहून पाट्यांचे गठ्ठे घेऊन आलेल्या शिक्षकांचे, अध्यक्षांचे आणि पाहुण्यांचे मंडळाच्या वतीने मनापासून आभार. कार्यक्रमानंतर चहा आणि उंडे पाव आहेत, घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये. बाईंच्या पाया पडायला गर्दी करू नका, तो ताप अजून उलटतो, या खेपेला त्यातून उठून त्यांना फार दिवस झालेले नाहीत. आणि कृपा करून आता टाळ्या वाजवू नका.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपण सगळे उदार मनाने मला माफ कराल, याची खात्री आहे. पण ती माफी फक्त या भाषणापुरतीच समजावी. दुसऱ्या गोष्टीची माफी देणं आपल्या हातात नाही, आणि बाईंच्याही नाही. ती जिच्या हातात आहे तिचा पत्ता त्या पाकिटावर लिहिला आहे.

बाई, सांभाळून जा.